सोमवारची वाट बघू नका, १९३० आत्ता लावा

खानापूरच्या ताई, ऑनलाइन सोफा विकताना फौजी म्हणवणाऱ्या गिऱ्हाइकानं फसवलं, ही तुमची पोस्ट वाचली. तुमचा सोफा आणि माझा फ्रीज, एवढाच काय तो फरक. तोच बेळगावच्या लष्करी ‘मराठा सेंटरमधला सुभेदार’, तोच फौजी कँटीन कार्डाचा फोटो, आधी एक रुपया पाठवून दाखवायचा आणि मग ‘पैसे घ्यायला’ म्हणून क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला लावायचा. आपल्याकडं गल्लीत एक तरी फौजी असतोच, त्यामुळं वर्दीचा फोटो बघितला की आपण पुढं काही विचारत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आता तुम्हाला सांगायला नको.

पण काल संध्याकाळी २६ हजार गेले आणि तुम्ही विचारताय, सोमवारी बँकेत जाऊ की पोलीस ठाण्यात? आधी १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, उरलेलं नंतर वाचा. पैसे ज्या खात्यात गेले तिथं शिल्लक असतील तर अडकवून ठेवता येतात. पुढं सरकले की संपलं.

मी तेच केलं नाही. राहायला निपाणीत, खातं कागलला. इकडच्या एका कार्यालयात म्हणाले, खातं महाराष्ट्रात आहे, तिकडं जा. तिकडं आधार कार्ड बघून म्हणाले, पत्ता कर्नाटकाचा, तिकडंच जा. परत आलो तर साहेब नाहीत, ‘नाळे बर्री’, म्हणजे उद्या या. चार दिवसांत सीमेवरचा कोगनोळीचा नाका सहा वेळा ओलांडला. शेवटी तक्रार नोंदली तेव्हा ३८ हजारांपैकी ११२ रुपये उरले होते! कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, पण तिथल्या बाकाची एक फळी निखळलेली आहे, बसताना जपून.

मी वकील नाही, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो, तेव्हा खात्री करून घ्या. पण हद्दीचं कारण सांगून गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कारवाईच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये ते आहे. मला तेव्हा हे माहीत असतं तर निदान भांडलो तरी असतो.

बँकेलाही आजच कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. पिन आपणच टाकला म्हणून बँक हात वर करणार, तिथं फार आशा ठेवू नका. मात्र कळवल्यानंतर आणखी पैसे गेले तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं ते बँकेच्या अंगावर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. आणि ‘पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असे मेसेज आता येतील. मला दोन आले. तीही तीच जात.

अर्ज मराठीत द्यायचा हक्क आहे, घटनेचं कलम ३५० तेच सांगतं. तरी माझं मत विचाराल तर कन्नडमध्येच टाइप करून न्या, हक्कासाठी भांडायला नंतर वेळ मिळेल. माझ्याकडं नमुना आहे. रक्कम, तारीख आणि व्यवहार क्रमांक तेवढे बदलावे लागतील. हवा तर सांगा.