'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां' म्हणजे नेमकं काय पाहिलं?

संत तुकारामांच्या अभंगाची पहिली ओळ आहे, 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य'. मेलेला माणूस स्वतःचं मरण पाहील कसा, आणि वर त्याला 'सोहळा' कसं म्हणेल, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ओळ शब्दशः अशक्य वाटली की तिथेच थांबून विचार करायचा. कवी मरण हा शब्द दुसऱ्याच कशासाठी तरी वापरतोय.

कशासाठी, ते तुकोबांनी पुढे स्वतःच सांगितलंय: 'एकदेशीं होतों अहंकारें आथिला'. आथिला म्हणजे युक्त, भरलेला. एकदेशी म्हणजे एका कोपऱ्यापुरता, आखडलेला. मेला तो हा अहंकार. पाहणारा शाबूत आहे. आता पहिली ओळ परत वाचा, 'सोहळा' खटकणार नाही.

मला स्वतःला त्याहून आवडतं ते 'फिटलें सुतक जन्ममरणाचें'. आपण बोलताना जन्माचं सोयर आणि मरणाचं सुतक म्हणतो. इथे दोन्हींना मिळून एकच सुतक! शिवाय घरातलं सुतक दहा-बारा दिवसांनी फिटतं आणि पुढच्या मृत्यूला पुन्हा येतं. हे मात्र कायमचं फिटलं, कारण जन्ममरणाचा फेराच संपला. रोजच्या व्यवहारातला शब्द उचलून त्यात एवढा अर्थ भरलाय.

अलंकार विचारला तर पहिल्या ओळीसाठी विरोधाभास लिहा: वरवर विसंगत, आत सुसंगत. फक्त 'कवीला मरणाची ओढ लागली होती' असं लिहू नका. अभंगात तसं कुठेच नाही.