बेळगावात कंपाउंडलगतच्या वाफ्यात वर्षभर रंग राहावा, तर काय लावावं?

आधी पानांकडे बघा. फुलं येतात-जातात, पान बारा महिने डोळ्यांसमोर असतं. मागे क्रोटन आणि कर्दळ लावा. कर्दळीच्या रुंद पानाशेजारी गवती चहाची बारीक पाती, ही जोडी मला फार आवडते. पुढच्या कडेला सदाफुली आणि अबोली. दोन्ही जवळजवळ वर्षभर फुलतात, अबोलीचे तर गजरेही होतात.

मधल्या जागेत हंगामी रंग भरा. पावसाळ्यात तेरडा. झेंडूची रोपं ऑगस्टच्या सुरुवातीला लावली की दसऱ्याला फुलं हाताशी येतात. थंडीत शेवंती, पण ती रस्त्यावरच्या दिव्याखाली नको: रात्र मोठी आणि काळोखी मिळाली तरच ती कळ्या धरते. उन्हाळा बोगनवेलीवर सोडा, फक्त तिला पाणी कमी द्या. जास्त दिलं तर नुसती पानं वाढतात.

खानापूरकडे पाऊस मुसळधार, म्हणून वाफा वीतभर उंच करा, नाहीतर झेंडूची मुळं कुजतात. अथणीकडच्या काळ्या मातीतही पाणी साचतं. तिथे शेणखत भरपूर मिसळा.