कॅसेट टाकायच्या की ठेवायच्या?

पुनर्विकासासाठी घर रिकामे करण्याची वेळ आली, की गेलेल्या माणसाच्या कॅसेट, तबकड्या किंवा पेटी यांचे काय करायचे, हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. त्याला जोडूनच, जरा दबक्या आवाजात, दुसरा येतो: “ते गाणं लागलं की अजून रडू येतं, म्हणजे मी सावरलेच नाही का?”

सुमनताई (नाव आणि तपशील बदलले आहेत) याच दोन प्रश्नांसह आल्या होत्या. यजमानांना जाऊन तीन वर्षे झाली होती. टू-इन-वनसमोर (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्रासमोर) बसून, पेटीवर स्वतः म्हटलेले अभंग त्यांनी हौसेने भरून ठेवले होते. त्या कॅसेट बुटांच्या खोक्यात होत्या. “आई, हे सगळे अभंग मोबाइलवर मिळतात,” असे मुलगा म्हणत होता आणि ते खोटेही नव्हते.

“मोबाइलवर ऐकता का?” मी विचारले.

“रोज. काहीच होत नाही. या कॅसेटना मात्र हात लावत नाही.”

“त्यांत वेगळं काय आहे?”

त्या बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. “एका अभंगात मध्येच कुकरची शिट्टी होते आणि हे ओरडतात, ‘अगं, गॅस!’ सांगायलाही लाज वाटते, पण मला त्या ओरडण्याचंच रडू येतं.” मग एकदम हसून म्हणाल्या, “दोन शिट्ट्या झाल्यावर बंद करता आला असता हो. तिसरी मी मुद्दाम होऊ दिली होती.”

तीन वर्षांत हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. घरच्यांना वाटत होते, त्या अभंग ऐकून व्याकूळ होतात. प्रत्यक्षात त्या जपत होत्या एक भांडण. येथे घाईने धीर न देता मी त्यांना बोलू दिले, आणि माझ्या मते तेच योग्य ठरले. ठेवावे की टाकावे, हा प्रश्न पुढच्या भेटीत त्यांनी काढलाही नाही.

गेलेल्या व्यक्तीपासून मन हळूहळू सोडवून घेणे म्हणजे शोक पूर्ण होणे, हा विचार मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी 1917 मध्ये मांडला आणि तो आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांच्या तोंडी अजूनही असतो. 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी मांडले, की नाते संपत नाही, त्याचे रूप बदलते. माझा कल उघडच या दुसऱ्या बाजूला आहे. त्यातही संगीताची गोष्ट निराळी, कारण पौगंडावस्थेपासून विशी-पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी त्या काळातल्या आठवणींना विशेष घट्ट बिलगलेली असतात. त्यामुळे गाण्याने डोळ्यांत पाणी येणे हे आजाराचे लक्षण नव्हे. मात्र, सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र दुःख टिकून राहिले आणि त्यापायी जेवण, झोप, कामधंदा, माणसांत मिसळणे हे सगळेच विस्कटले, तर तज्ज्ञांना अवश्य भेटावे.

घर हलवण्याच्या धांदलीत अशा वस्तूंचा निर्णय घेऊ नये, आणि मुलांनी तो परस्पर तर घेऊच नये. नव्या घरात एक खोके सहज मावते. सुमनताईंनी पुढे स्वतःच बऱ्याच कॅसेट भजनी मंडळातल्या मैत्रिणींना दिल्या, दोन-तीन ठेवल्या. टू-इन-वन दुरुस्त करायला मात्र अजून दिलेला नाही, आणि त्याची घाईही नाही.

जुन्या कॅसेटची प्रत करून घेणार असाल, तर आधी मागच्या कडेवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. पावसाळ्यातल्या दमटपणाने फितीला बुरशी धरली असेल, तर ती घरच्या यंत्रात घालू नये. शिवाय प्रत करणारे बरेचदा चांगुलपणाने खरखर, खोकला, गाण्यांमधले बोलणे काढून स्वच्छ ध्वनिमुद्रण हाती देतात. म्हणून कॅसेट देतानाच चिठ्ठीवर लिहून द्यावे: मधले आवाज कापू नयेत.