गुन्ह्यांवरच्या मालिकांत पोलीस आणि सरकारी वकील जसे दाखवतात, तसे ते खरंच असतात का?

तुम्ही विचारलंय की 'लॉ अँड ऑर्डर'सारख्या अमेरिकन मालिकांमधले पोलीस आणि सरकारी वकील कितपत खरे असतात, आणि खऱ्याच्या जवळ जाणारी एखादी मालिका आहे का. मी वकील नाही. पण ही मालिका मी वर्षानुवर्षं बघत आलेय, आणि तिच्यामुळेच खऱ्या खटल्यांबद्दल वाचायला लागले. गणवेश, कागदपत्रं, कोर्टातली भाषा यांची या मालिका बऱ्यापैकी काळजी घेतात. खोट आहे ती प्रेक्षकाला कुठे बसवतात त्यात.

१९९० साली सुरू झालेल्या या मालिकेचा साचा ठरलेला आहे: पहिल्या अर्ध्या भागात पोलीस माणूस पकडतात, उरलेल्या अर्ध्यात सरकारी वकील त्याच्यावर खटला चालवतात. म्हणजे जवळजवळ पूर्ण वेळ आपण सरकार पक्षाच्या बाकावर. आरोपीचा वकील येतो तो कामात खोडा घालायला. पूर्वी असंच होतं असं नाही. १९५७ ते १९६६ या काळात चाललेल्या 'पेरी मेसन'चा नायक बचावाचा वकील होता आणि सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर जवळजवळ प्रत्येक खटला हरायचा. उलट १९५१ मध्ये टीव्हीवर आलेल्या 'ड्रॅगनेट'ला लॉस एंजेलिस पोलिसांची मदत होती, आणि तिच्या संहिता आधी पोलिसांच्या नजरेखालून जायच्या. पुढे रुळली ती ही दुसरी वाट.

चौकशीच्या खोलीतला नेहमीचा प्रसंग आठवा. संशयित म्हणतो, "मला वकील हवाय." समोरचा पोलीस खुर्ची मागे ढकलतो, जोडीदाराकडे बघतो, दोघं बाहेर पडतात. आणि आपण घरात बसून चुकचुकतो, की आता हा सुटणार! मीही कितीतरी वेळा चुकचुकलेय. कारण गुन्हेगार तोच आहे हे कथेने आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. खऱ्या खोलीत ते कुणालाच माहीत नसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६ च्या मिरांडा निकालाने वकिलाचा हक्क आधी समजावून सांगणं बंधनकारक केलं, ते अशा खोलीतल्या दबावापासून संशयिताला वाचवायला. ही मालिका ज्या न्यूयॉर्कमध्ये घडते तिथेच १९८९ मध्ये सेंट्रल पार्कमध्ये झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात १४ ते १६ वर्षांची पाच मुलं मुख्यतः पोलिसांपुढच्या कबुल्यांवर दोषी ठरली. २००२ मध्ये वेगळ्याच माणसाने गुन्हा कबूल केला, त्याचा डीएनए जुळला आणि त्या पाचांच्या शिक्षा रद्द झाल्या. कबुली मिळाली की मालिकेतला तपास संपतो. इथे तर कबुलीनेच तपास भरकटला.

सरकारी वकिलाबद्दल मला जास्त तळमळीने सांगावंसं वाटतं, कारण त्याची खरी परीक्षा कॅमेऱ्यात येतच नाही. ती असते त्याच्या फाईलमध्ये. आरोपीच्या बाजूने जाणारा महत्त्वाचा पुरावा हाती असेल तर तो बचाव पक्षाला दिलाच पाहिजे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ब्रेडी खटल्यात सांगितलं. टेक्सासमधल्या मायकेल मॉर्टन यांना पत्नीच्या खुनासाठी १९८७ मध्ये जन्मठेप झाली. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाने आजीला सांगितलं होतं की आईला एका 'राक्षसाने' मारलं आणि तेव्हा बाबा घरी नव्हते. हे संभाषण टाईप होऊन तपासाच्या कागदांत पडून होतं. बचावाच्या वकिलाला ते मिळालं नाही. घरामागे सापडलेल्या रक्ताळलेल्या रुमालाची डीएनए चाचणी झाली तेव्हा खरा गुन्हेगार कळला आणि मॉर्टन २०११ मध्ये सुटले. जवळजवळ २५ वर्षं गेली होती. तो खटला चालवणारा सरकारी वकील दरम्यान न्यायाधीश झाला होता. २०१३ मध्ये त्याला १० दिवसांची कैद झाली आणि वकिलीची सनद सोडावी लागली.

आता या प्रकरणाचा भाग सरकारी वकिलाला नायक करून लिहायचा झाला तर काय होईल? उलटतपासणीत नवरा गडबडेल, ज्युरी 'दोषी' म्हणेल, आणि आपण समाधानाने टीव्ही बंद करू. आजीचं ते संभाषण आपल्याला दिसणारच नाही. मला याचीच भीती वाटते.

बाकी ते रंगलेले खटले, ती शेवटच्या दहा मिनिटांतली भाषणं, हे सगळं मुळातच दुर्मीळ असतं. फेडरल (केंद्रीय) न्यायालयांत ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांत ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीने स्वतः गुन्हा कबूल केल्यामुळे होतात, हे आकडे सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ च्या एका निकालात दिलेत. यातल्या पुष्कळशा कबुल्यांमागे तडजोड असते: अमुक कबूल कर, शिक्षा कमी मागतो, खटला लढवलास तर जास्त मागेन. खरी ताकद या वाटाघाटीत आहे आणि ती सरकारी वकिलाच्या हाती आहे. 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये अशा तडजोडी दिसतात, हे मान्य करायला हवं. पण आरोपी मुळात निर्दोष असेल तर त्याने ती का स्वीकारावी, त्या माणसाच्या बाजूने कथा फारशी थांबत नाही.

खऱ्याच्या जवळ जाणारी मालिका म्हणाल तर 'द वायर' बघा, २००२ ते २००८ मधली. ती रचणारे डेव्हिड सायमन बाल्टिमोरमध्ये वर्तमानपत्रासाठी गुन्ह्यांच्या बातम्या द्यायचे आणि त्यांचे सहलेखक एड बर्न्स तिथल्याच पोलिसांत तपास अधिकारी होते. पहिल्याच भागात खुनाच्या खटल्यातली साक्षीदार कोर्टात साक्ष फिरवते आणि आरोपी सुटतो. तपासाची गोष्ट तिथून पुढे सुरू होते.