‘टाळणे’ म्हटलं की ‘अव्हॉइड’च?

बाळा, ‘टाळणे’ दिसलं की तू सरसकट ‘अव्हॉइड’ ठोकतोस. मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या सीताबर्डी बाजारात जाणं टाळतोस, तिथे ते बरोबर. फक्त पुढे ‘टू गो’ नको, ‘गोइंग’च. ऑटो अंगावर आला नि झटकन बाजूला झालास, ते ‘डॉज’. आपल्या वाटचं काम अंगाबाहेर टाकलंस, तर ‘शर्क’. ‘इव्हेड’मध्ये लबाडी मुरलेली असते: कायद्यात बसवून कर वाचवला तर ‘अव्हॉइडन्स’, उत्पन्न लपवलं तर ‘इव्हेजन’, म्हणजे गुन्हाच. ‘इल्यूड’ मात्र उलटं चालतं. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन आठवत नाही ना, तेव्हा कर्ता ते नाव, तू नाहीस: ‘हिज नेम इल्यूड्स मी’. इथे मीही कित्येक वर्षं चुकत होतो.