गीर गाय–एचएफ बाप आणि एचएफ गाय–गीर बाप : दोन्ही वासरे निम्मी-निम्मी, मग वेगळी का?

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा समजतो : आपण चोपड्याजवळ गीर गाय एचएफच्या (होल्स्टीन फ्रिजियन या विलायती जातीच्या) रेतमात्रेने भरवली, शेजाऱ्यांनी एचएफ गाय गीर वळूच्या रेतमात्रेने भरवली, दोन्ही वासरे हिशेबाने अर्धी गीर आणि अर्धी एचएफ, तरीही शेजाऱ्यांचे वासरू जन्मतःच अंगाने बरेच भारी निघाले. याला ‘जीनोमिक इम्प्रिंटिंग’ आणि प्रथिन न बनवणारा लांब आरएनए (डीएनएवरून उतरवलेली प्रत) जबाबदार असतो असे आपल्या वाचनात आले, ते खरे का? मी पशुवैद्यक असून शिरपूर भागात गायी-म्हशी तपासतो. माझे उत्तर असे की ही यंत्रणा पूर्णपणे खरी आहे, मात्र केवळ या दोन वासरांकडे पाहून तिच्यावर बोट ठेवता येणार नाही.

गायीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईचे, एक बापाचे. बहुतेक जनुकांच्या दोन्ही प्रती काम करतात. काही मोजक्या जनुकांची मात्र एकच प्रत चालू राहते, कुठे आईची तर कुठे बापाची, आणि दुसरी प्रत धडधाकट असूनही गप्प बसवलेली असते. यालाच जीनोमिक इम्प्रिंटिंग म्हणतात. ही खूण अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होत असतानाच डीएनएवर मिथिल गट नावाचा छोटा रासायनिक तुकडा चिकटवून केली जाते, आणि पुढच्या पिढीत जुनी खूण पुसून त्या जनावराच्या लिंगाप्रमाणे नवी उमटते. १९८४ साली उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की दोन्ही केंद्रकभाग आईकडचेच, किंवा दोन्ही बापाकडचेच, असलेला गर्भ पूर्ण वाढीस लागत नाही. म्हणजे आई-बापाचा वाटा संख्येने सारखा असला तरी तो एकमेकांच्या जागी चालत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांची पारख करणाऱ्या जुन्या माणसांनाही हे वेगळ्या वाटेने ठाऊक असते : घोडीला गाढवापासून होणारे खेचर आणि गाढवीला घोड्यापासून होणारे पिल्लू ही एकसारखी जनावरे नव्हेत.

आता त्या आरएनएकडे वळू. दोनशेपेक्षा अधिक न्यूक्लिओटाइड लांबीचा आणि प्रथिनाचा मजकूर नसलेला आरएनए, एवढीच त्याची ढोबळ व्याख्या आहे. त्यामुळे या एका नावाखाली अगदी भिन्न कामे करणारे रेणू येतात. गायीच्या २९व्या गुणसूत्रावर आयजीएफ-२ हे गर्भाची वाढ करणारे जनुक आहे आणि त्याच्या शेजारी एच-१९ नावाचा असा लांब आरएनए तयार होतो. पांझरा नदीवरील फड पद्धत, म्हणजे एका पाटाचे पाणी शेतांच्या गटांना पाळीने देण्याची रीत, आपण पाहिली असेल, तर ही जोडी समजायला सोपी जाईल. पाट एकच, पाणी एच-१९च्या बाजूने येते आणि पुढे आयजीएफ-२चा फड लागतो. आईच्या गुणसूत्रावर या दोन फडांच्या मध्ये सीटीसीएफ नावाचे प्रथिन बांधासारखे बसते, म्हणून पाणी अडून एच-१९लाच मिळते. बापाच्या गुणसूत्रावर त्याच जागी मिथिल गट असल्याने बांध बसूच शकत नाही, एच-१९ची चारी बंद राहते आणि पाणी पुढच्या फडात जाते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे : आयजीएफ-२ला गप्प बसवतो तो बांध, एच-१९चा आरएनए नव्हे.

त्याच गुणसूत्रावरील दुसऱ्या जागी मात्र आरएनए स्वतःच पाटकरी असतो. केसीएनक्यू१ओटी१ हा लांब आरएनए फक्त बापाच्या प्रतीवरून तयार होतो आणि त्याच प्रतीवरील आसपासची जनुके बंद करतो. त्यांपैकी सीडीकेएन१सी हे जनुक म्हणजे पेशींच्या वाढीला घातलेली वेसण. ती आईच्या प्रतीकडूनच मिळते, कारण तेथे मिथिल गटामुळे हा आरएनए निघतच नाही. एअर्न नावाच्या तिसऱ्या आरएनएची गंमत अशी की उंदरात आयजीएफ-२आर हे जनुक बंद करण्यासाठी त्या रेणूची गरजच लागत नाही, डीएनएवरून तो आरएनए उतरवणारे पेशीतील यंत्र त्या जनुकाच्या सुरुवातीवरून धावत गेले एवढेच पुरते.

ही खूण बिघडली तर काय होते, ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या आणि क्लोन केलेल्या गर्भांमध्ये दिसले. अशी काही वासरे अवाजवी मोठी, लांब जिभेची, बेंबीला हर्निया असलेली जन्मतात. या विकाराला लार्ज ऑफस्प्रिंग सिंड्रोम म्हणतात. त्यांपैकी अनेकांत आईच्या प्रतीवरील मिथिल गट नाहीसा झालेला असतो, मग केसीएनक्यू१ओटी१ दोन्हीकडून निघतो आणि वेसण सैल पडते. माणसातील बेकविथ-विडेमन सिंड्रोम या अतिवाढीच्या विकाराशी हे मिळतेजुळते आहे, असे मिसूरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले. त्यांनी त्यासाठी वशिंडाच्या आणि बिनवशिंडाच्या जातींचा संकर वापरला, कारण दोन्हींच्या डीएनएत इतका फरक असतो की कोणती प्रत आईची आणि कोणती बापाची हे अक्षर वाचून ठरवता येते. आयव्हीएफचे (प्रयोगशाळेत फलन केलेले) गर्भ रोपण करणाऱ्या आपल्या भागातील गोपालकांनी हा विकार माहीत करून घ्यावा. मात्र साध्या कृत्रिम रेतनाच्या वासराला तो लगेच चिकटवू नये.

राहिली आपली दोन वासरे. कांकरेज, ओंगोल, गीर अशा भारतीय गुरांपासून अमेरिकेत घडवलेल्या ब्राहमन जातीत हाच प्रकार पूर्वीपासून नोंदलेला आहे : ब्राहमन बाप आणि विलायती आई असेल तर वासरू भारी, उलट केले तर हलके. वशिंडाच्या गायीचे गर्भाशय वाढ आवरते, हे त्याचे एक कारण. पण गर्भ दुसऱ्या गायीच्या पोटात वाढवूनही हा फरक पूर्ण मिटत नाही, म्हणून इम्प्रिंटिंगवर संशय जातो. शिवाय गोऱ्ह्याला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रियाही आईचेच. आणि गायीचे वीत, गाभणकाळातील चारा, हे तर आहेच. ब्राहमनच्या नोंदी गीरला जशाच्या तशा लावू नयेत, हेही सांगतो. तरी माझा सल्ला असा की एचएफची पहिलारू कालवड गीरच्या रेतमात्रेने भरवण्याऐवजी एक-दोन वेते झालेली गाय निवडावी आणि विताना जवळ माणूस ठेवावा. आणि पुढच्या वेळी वासरू कोरडे होताच गोणपाटाच्या झोळीत घालून कापूस मोजायच्या काट्याला लटकवा, वजन आईच्या टॅग क्रमांकासमोर लिहा. ‘बरेच भारी’ म्हणजे नेमके किती, हे मला आपल्या प्रश्नातून कळू शकले नाही.