जर्मनीतील फेलोशिप घ्यावी की नोकरीचा करार? पगार, कर आणि घसरणारा दर यांचा हिशेब

तुमचा प्रश्न मला असा समजला: जर्मनीतील एकाच विद्यापीठात दोन वर्षे जाण्याच्या दोन वाटा तुमच्यापुढे आहेत, एक विद्यापीठाच्या नोकरीचा करार आणि दुसरी एका प्रतिष्ठानची फेलोशिप. कराराचा आकडा मोठा आहे, पण कपाती वजा जाता फेलोशिपचीच रक्कम हातात अधिक पडेल असे दिसते. पत्नी आणि मुलगी गोव्यात, फोंड्यातच राहणार आहेत, घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे, आणि युरो घसरला तर काय, ही धास्ती आहे. मी स्वतः ऑक्टोबर 2012 ते ऑक्टोबर 2014 जपानमध्ये फेलो होतो. जर्मनीला जाऊन आलेले सहकारीही बरेच आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की रक्कम किती आहे यापेक्षा ती कोणत्या नावाने मिळते, हे आधी पाहावे. पगार की स्टायपेंड, या एका शब्दावर तिथला कर, इथला कर आणि रुपयात रूपांतर करण्याचा दर, तिन्ही ठरतात.

प्रथम तिथली बाजू. कराराच्या पगारातून प्राप्तिकर, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी जाते. निवृत्तिवेतनाची वर्गणी एकूण 18.6 टक्के असून तिचा निम्मा भाग, म्हणजे 9.3 टक्के, तुमच्या पगारातून कापला जातो. ही शेवटची कपात पूर्णपणे बुडीत धरू नका. साठ महिन्यांपेक्षा कमी वर्गणी भरून युरोपाबाहेर परतलेल्या भारतीयाला, वर्गणी थांबल्यापासून 24 महिन्यांनी, आपल्या वाट्याची रक्कम परत मागता येते. मालकाच्या वाट्याची मिळत नाही. फेलोशिपवर बहुधा कर नसतो आणि यांपैकी कोणतीच कपातही नसते, म्हणून ती हातात मोठी दिसते. पण आरोग्य विमा तुम्हालाच काढावा लागतो, आणि पत्नी-मुलगी पुढे तिकडे आल्या तर त्यांचाही. कराराच्या सार्वजनिक विम्यात कमाई नसलेली पत्नी आणि मूल वेगळ्या हप्त्याविना सामावतात. पत्नी गोव्यातच राहिली तर मात्र कर-वर्ग पहिला, म्हणजे एकट्या माणसाचा लागतो. विवाहितांना मिळणारा हलका वर्ग जोडीदार तिथे राहत असेल तरच. तुम्ही केलेल्या हिशेबात विवाहिताचा वर्ग धरला असेल, तर तो पुन्हा करा.

एक गमतीची, पण खिशाला लागणारी गोष्ट. तिथे गेल्यावर पत्त्याची नोंदणी करताना धर्माचा रकाना असतो. मडगावच्या माझ्या एका सहकाऱ्याने त्यात सरळ 'कॅथलिक' असे लिहिले आणि पहिल्या पगारपत्रकावर चर्च-कराची ओळ बघून तो चक्रावला. हा कर प्राप्तिकराच्या 9 टक्के, आणि बव्हेरिया व बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत 8 टक्के असतो. उत्पन्नाच्या नव्हे, कराच्या. गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, दरवर्षी आनंदाने वर्गणी देणाऱ्या त्या गृहस्थाला रकमेपेक्षा ती न विचारता कापली गेली याचा राग अधिक होता.

आता भारताची बाजू, जिथे बहुतेक फेलो फसतात. 'मी परदेशात आहे, म्हणजे अनिवासी आहे' हे गृहीतक चुकीचे आहे. निवास दर आर्थिक वर्षाला, दिवस मोजून ठरतो. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षी 182 दिवस भारतात असला तर निवासी ठरतो, आणि मग उरलेल्या महिन्यांची परदेशी कमाईही इथल्या कराखाली येते. 1 एप्रिलपासून मोजले तर 182वा दिवस 29 सप्टेंबरला येतो. मी गेलो त्या 2012 साली गणेशाची चवथ 19 सप्टेंबरला होती. चवथ आटोपून लगेच निघण्याऐवजी घरच्यांच्या आग्रहाने आणखी रेंगाळलो आणि 10 ऑक्टोबरला विमानात बसलो. त्या पंधरा-वीस दिवसांनी मला सबंध वर्षासाठी निवासी करून टाकले. परतीचाही असाच घोटाळा झाला. ऑक्टोबर 2014 मध्ये कायमचा परतलो, तेव्हा 31 मार्चपर्यंत 182 दिवस भरत नव्हते, म्हणून मी निश्चिंत होतो. पण कायमच्या परतणाऱ्याला दुसरी कसोटी लागते: त्या वर्षी 60 दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस भारतात असला, तरी तो निवासी. म्हणजे पूर्ण दोन वर्षे बाहेर राहून अनिवासी म्हणून माझ्या पदरात पडले ते 2013-14 हे एकच वर्ष. तुम्हाला रुजू होण्याची तारीख निवडता येत असेल तर एप्रिलच्या आरंभी जाऊन मार्चअखेर परतणे सर्वांत सोयीचे; ऑक्टोबरचीच तारीख असेल तर 28 सप्टेंबरपूर्वी निघा.

इथेच पगार आणि स्टायपेंड यांतला फरक पुन्हा डोके वर काढतो. 182 दिवसांची सवलत 'नोकरीसाठी' जाणाऱ्याला आहे. करारनामा हातात असेल तर प्रश्नच उरत नाही; फेलोशिपचे पत्र असेल तर ती नोकरी नव्हे, म्हणून 60 दिवसांचीच कसोटी लावा, असा आक्षेप निघू शकतो. न्यायालयांनी 'नोकरी' या शब्दाचा अर्थ सैल लावलेला आहे हे खरे, पण नोटिशीला उत्तर देत बसण्याची पाळी येतेच. शिवाय निवासी वर्षात नोकरीच्या पगारावर जर्मनीत भरलेला कर, दोन देशांतल्या दुहेरी कर टाळण्याच्या कराराप्रमाणे, इथे वजा मिळतो; त्यासाठी वेगळा फॉर्म (जुन्या क्रमांकाने 67) भरावा लागतो. त्यांचे कर-वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपले एप्रिल ते मार्च, म्हणून दर महिन्याचे पगारपत्रक जपून ठेवा. वर्षअखेरचा एकच दाखला पुरत नाही. फेलोशिपवर तिथे कर भरलेलाच नसतो, त्यामुळे वजा घालायलाही काही नसते. शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीला आपल्या कायद्यात सूट आहे, परंतु पीएच.डी. झालेल्या माणसाचे संशोधन म्हणजे शिक्षण की काम, यावर वाद होतो. तुमच्या पत्राची भाषा सी.ए.ला दाखवल्याशिवाय त्या सुटीवर विसंबू नका.

गोव्याच्या माणसाला आणखी एक कलम लागते, जे पुण्या-मुंबईच्या सी.ए.च्या सहसा ध्यानात येत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे आपल्याकडे विवाहपूर्व वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. म्हणून 1961च्या प्राप्तिकर कायद्यात कलम 5-अ आले. 1 एप्रिल 2026 पासून 2025चा नवा कायदा लागू असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण सी.ए. मंडळींच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत, म्हणून मीही तेच वापरतो. या कलमाप्रमाणे पगार ज्याने मिळवला त्याच्याच नावावर राहतो, मात्र बाकी सर्व उत्पन्न पती-पत्नीत निम्मे-निम्मे विभागले जाते. माझी पहिल्या सहा महिन्यांची फेलोशिप, साधारण बारा लाख रुपये, पगार नव्हती. म्हापशाच्या आमच्या सी.ए.ने ती 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवली आणि तिचा अर्धा भाग माझ्या पत्नीच्या विवरणपत्रात गेला. कर दोघांवर वाटला गेल्याने एकूण भार हलका झाला, पण ज्या पैशाचा एक येनही तिने पाहिला नव्हता त्यावर कर भरताना तिने मला जे ऐकवले ते इथे लिहीत नाही. तुमच्या बँकेतल्या ठेवींच्या व्याजालाही हाच नियम लागू आहे.

रूपांतराचा दरही नावाप्रमाणे बदलतो. पगारासाठी, तो ज्या महिन्यात देय असेल त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टी.टी. खरेदी दर, म्हणजे बँक परदेशातून आलेले चलन ज्या दराने विकत घेते तो, धरतात. इतर उत्पन्नातील जी रक्कम परदेशी खात्यातच राहिली तिच्यासाठी थेट 31 मार्चचा दर. मी गेलो तेव्हा 100 येन म्हणजे सुमारे 67 रुपये होते, मार्चअखेर ते 58च्या आसपास आले होते. कराच्या बाबतीत घसरण माझ्या पथ्यावर पडली, एरवी मात्र तिने घाम काढला.

माझी फेलोशिप महिना 3,62,000 येन होती आणि पर्वरीच्या फ्लॅटचा हप्ता 30,000 रुपये. ऑक्टोबर 2012 मध्ये त्या हप्त्यासाठी सुमारे 45,000 येन लागत. जपानच्या मध्यवर्ती बँकेने एप्रिल 2013 मध्ये बाजारात पैशाचा ओघ वाढवायचे ठरवले आणि मे महिन्यात त्याच हप्त्याला जवळजवळ 54,500 येन पडू लागले. येन आणखी कोसळेल या भीतीने मी सहा महिन्यांचे पैसे एकदम पाठवून टाकले. ऑगस्टअखेर रुपयाच डॉलरमागे 68 पर्यंत गडगडला आणि 100 येनचा भाव पुन्हा 67च्या वर गेला. दर ओळखण्याचा नाद मी तेव्हापासून सोडला. तिथले भाडे, किराणा, आगगाडी हे सगळे येनमध्येच होते, त्याला घसरणीची झळ लागलीच नाही. झळ लागली ती फक्त गोव्याकडे जाणाऱ्या भागाला. तेव्हा युरो शंभर रुपयांच्या वर आहे म्हणून सगळा पगार शंभराने गुणू नका. हप्ता आणि घरखर्च एवढाच भाग नव्वदच्या दराने धरून बघा, तोही भागत असेल तर निर्धास्त जा. निघण्यापूर्वी सहा हप्त्यांचे रुपये खात्यात ठेवा आणि नंतर दरमहा ठरलेल्या तारखेला पाठवत राहा. पाठवताना 'शुल्क नाही' या पाटीला भुलू नका, त्या दिवशी बँक देते तो दर आणि बाजारातला दर यांतले अंतर पाहा. युरोमागे दीड रुपया कमी मिळाला तर हजार युरोंत 1,500 रुपये गेले.

तुमच्या जागी मी असतो तर करार घेतला असता, हातात शे-दोनशे युरो कमी आले तरी. पत्नी-मुलगी मध्येच येऊन राहण्याची थोडीही शक्यता असेल तर नक्कीच.

राहिल्या दोन किरकोळ बाबी. निघाल्यावर इथले बचत खाते एन.आर.ओ., म्हणजे अनिवासी माणसाचे साधे रुपया खाते, करून घ्या आणि हप्त्याची बँकेतली सूचना त्या खात्यावर नव्याने द्या, नाहीतर पहिलाच हप्ता परत जातो. या खात्याच्या व्याजावर 31.2 टक्के कर आधीच कापला जातो, म्हणून परदेशातून पाठवलेला पैसा एन.आर.ई. खात्यात ठेवणे बरे, त्याचे व्याज करमुक्त आहे. आणि परतल्यावर जर्मनीतले खाते निवृत्तिवेतनाच्या परताव्यासाठी चालू ठेवणार असाल, तर ते विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दरवर्षी दाखवा. तिथे आर्थिक नव्हे, जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष धरतात. न दाखवल्यास 2015च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड आहे. स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला ऑक्टोबर 2024 पासून त्या दंडातून सूट मिळाली असली, तरी परिशिष्ट भरावेच लागते.